पाणी ओतायला दुसरा

३ जून

प्रिय ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

मी, तुझा धाकटा भाऊ, वाणिज्य पदवीधर, कारखान्याचा लेखापाल व आपल्या चर्चच्या मंडळीचा कार्यवाह, हे पत्र एकाच कारणासाठी लिहीत आहे : मला सल्ला हवा आहे. हसू नकोस.

आमच्या भांडारपालांची पत्नी अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. पडून पडून तिच्या लांब केसांचा एकच गठ्ठा झाला आहे. नर्स म्हणते, कापून टाकू. ती बाई म्हणते, जाईन तर केसांनिशी जाईन, आणि रडते. रविवारी मी भेटीस गेलो. प्रार्थना मुद्देसूद लिहून नेली होती. तिसऱ्या मुद्द्याला तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दारापर्यंत सोडायला आलेले भांडारपाल म्हणाले की, तुमच्या देवाला सांगा, आमच्या घरी येण्याआधी विचारत जा.

अशा घरात ख्रिस्ती माणसाने कोणते वचन वाचावे, ते त्वरित कळव. लोभात कपात नसावी.

तुझा,
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मुद्दे काढून प्रार्थना करणारा तूच! उद्या देवाकडे पोचपावती मागशील.

वचन कुठलंच वाचू नकोस. तिचे केस धुवायला लाग. नर्सची नोकरी संपल्यावरही या गल्लीतल्या कितीतरी आजारी बायकांची डोकी मी धुतली. येशूचं नाव मला काढावं लागलं नाही, त्याच विचारायच्या.

आधी तेल मुरू दे. मग टोकाकडून वर विंचरत जायचं. मुळापासून ओढलंत तर जीव जाईल तिचा. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, तिच्याखालून प्लास्टिकचा कागद पन्हळीसारखा बादलीत सोडायचा. हे एकट्याचं काम नाही. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पाणी ओतायचं. डोकं नवऱ्याला धरू दे. तू ओत, आणि तोंड मिटून ओत.

मीच आले असते, पण गुडघ्याने दगा दिलाय. काळजीचं काही नाही. माझा जीव तुझ्यापाशीच असतो, हे लिहायला हवं का?

तुझी,
ताई

१९ जून

प्रिय ताईस, सप्रेम सलाम वि. वि.

तुझ्या सूचना तंतोतंत पाळल्या. पाणी कोमट आहे ना, हे मी कोपराने पुन्हा पुन्हा तपासत होतो, तेव्हा ती बाई चक्क हसली. नवऱ्याला म्हणाली की, तुमचे साहेब पाण्याचंही ऑडिट करतात. गाठी सोडवता सोडवता दुपार सरली. भांडारपालांनी कुठे हिसका बसू दिला नाही. शेवटी तिने आरसा मागितला आणि बराच वेळ पाहत राहिली.

गुरुवारी ती गेली. वेणी घातलेली होती.

हे कोणी शिकवले, असे भांडारपालांनी विचारले. मी तुझे नाव घेतले. त्यांनी तुला नमस्कार सांगितला आहे. देवावरचा राग कायम आहे, हेही कळवायला सांगितले आहे.

आता एक शंका. दुखणे गुडघ्याचे, मग अक्षर का कापते? शनिवारी येत आहे. नको म्हणू नयेस.

तुझा,
धाकटा

स्नेही भांडारपाल यांस, सप्रेम नमस्कार वि. वि.

दुखणे गुडघ्याचे नव्हते. ते पोटात आहे, पसरले आहे, आणि ताईने ते सर्वांपासून लपवले. शेजारणी जेवण आणून देतात, चादरी बदलतात. डोक्याला मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही. त्यांना आधीच कामे काय कमी आहेत, म्हणे. साऱ्या गल्लीची डोकी धुणाऱ्या माझ्या बहिणीच्या केसांचा, भांडारपाल, तोच गठ्ठा झाला आहे.

आल्यापासून मी तेल लावून टोकाकडून विंचरत आहे. ती म्हणते, माझा हात आकड्यांचा, केसांचा नव्हे. तुमच्या पत्नीने आरशात कसे पाहिले, ते पुन्हा पुन्हा सांगायला लावते. प्रार्थना लिहिलेली नाही; सुचतही नाही.

आज शेवटची गाठ सुटली. वेळ फार उरलेला नाही, असे डॉक्टरांचे मत आहे. देवावरचा राग आहे तसा घेऊन या. या घरात त्यालाही जागा आहे. डोके मी धरेन. पाणी ओतायला ताईने तुम्हाला बोलावले आहे.

आपला,
लेखापाल
ताईचे घर, २४ जून