तुमचं ते खचलेलं गाव

बाबा, आज कँटीनमध्ये तुमच्या गावाचं नाव निघालं. आपलं चंद्रपूरकडचं नव्हे, ते दुसरं, चेकोस्लोव्हाकियातलं, कोळशाच्या खाणींवर वसलेलं. नाव मी इथे लिहिणार नाही. ते गाव माझी सवत होतं. खरं तर सवत आईला असायची, पण आईला त्याचं काहीच वाटलं नाही आणि ती माझ्याच वाट्याला आली. आणि सवतीचं नाव कोण आपल्या हाताने लिहितं?

मी जेमतेम बोलायला लागले होते तेव्हा कंपनीने तुम्हाला तिकडे खाणीच्या मोजणीचं काम शिकायला पाठवलं. परत आलात तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होते आणि दारात उभ्या असलेल्या तुम्हाला 'काका' म्हणाले, असं आई सांगते. तुम्ही तिकडे एका खाणकामगाराच्या विधवेकडे राहायचात. तिला माझ्याच वयाची एक मुलगी होती. तुम्ही माझ्यासाठी तांबड्या चामड्याचे बूट आणलेत, आतून लोकर लावलेले, आणि तेही आपल्या त्या उन्हाच्या गावात. मी पाय घातला, तर टाचेमागे दोन बोटं जागा राहिली. तुम्ही खाली वाकून बघितलंत आणि बुचकळ्यात पडून आईला म्हणालात, "तिला तर अगदी बरोबर बसले होते गं." दुकानात त्या मुलीला नेऊन तिच्या पायात घालून बघितले होते तुम्ही. आईने पुढे कापूस कोंबून दिला. मी ते बूट अंगणातल्या हौदात नेऊन टाकले आणि कुत्र्याने नेले म्हणून सांगितलं.

मग जेवताना ते गाव आमच्या ताटात उतरायला लागलं. माझ्या ताटातल्या भाताची तुम्ही टेकडी करता, एका अंगाने वरणाची नदी सोडता, टेकडीवर लोणच्याची फोड ठेवता. ते चर्च. नदीच्या अलीकडे कामगारांच्या विटांच्या घरांच्या रांगा, पलीकडे खाणी आणि कोळसा वाहायची रेल्वे. मग इतिहास सुरू. कुणा लोहाराच्या भट्टीत काळा दगड पेटला आणि गावाला कोळसा कळला, आधी जमीनदारांच्या खाणी, मग लढाईत जर्मनांच्या, मग सरकारच्या. मालक बदलले, पण खाली उतरणारी माणसं तीच राहिली, असं तुम्ही म्हणायचात. आणि खालून इतका कोळसा काढला की वरचं गावच हळूहळू खचू लागलं. घरमालकिणीच्या टेबलावर बटाटा ठेवला की घरंगळत भिंतीकडच्या टोकाला जायचा आणि ती पोर तिथे हात धरून बसायची. "पडू द्यायची नाही हो एकही," असं तुम्ही कौतुकाने सांगायचात. आई पोळी वाढता वाढता म्हणायची, "अहो, त्या गावाचा सातबारा तरी नावावर करून घ्या एकदाचा." तुम्ही हसायचात. मला हसू यायचं नाही. एकदा तुम्ही सांगत असतानाच मी अख्खी टेकडी, नदी, चर्च सगळं कालवून गोळा केला. तुम्ही ओरडलात, "अन्नाशी खेळतात का?" तो गोळा मी रडत रडत खाल्ला, आणि खाताना बरंही वाटत होतं.

मला राग गावाचा होता की त्या मुलीचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या गावातली गल्ली न् गल्ली तुम्हाला पाठ होती. पण माझी तुकडी कोणती असं कुणी विचारलं की तुम्ही आईकडे बघायचात. दर वाढदिवसाला माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "तीही आता एवढी झाली असेल." माझा वाढदिवस, माझं डोकं, आणि त्यावर उंची तिची. दहावीला मी बोर्डात भूगोलात चमकले तेव्हाही तुम्ही म्हणालात, "तिला नकाशे फार आवडायचे." नकाशे मला आवडत नव्हतेच, बाबा. तुम्हाला आवडत होते म्हणून मी ते गिरवत बसायची.

आता इथे लीड्समध्ये, मी ज्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे तिथे, बऱ्याच चेक आणि पोलिश मुली कामाला आल्या आहेत. त्यांचे देश युरोपियन युनियनमध्ये सामील झाल्यापासून हे सुरू झालं. आमच्या वॉर्डातली एक हेल्थकेअर असिस्टंट आज माझ्यासमोर सूप घेऊन बसली. कुठली म्हणून विचारलं तर तिने एका शहराचं नाव घेतलं आणि ते मला लगेच ओळखू आलं, कारण तुमच्या गावाहून त्या शहराला ट्राम जायची. मी गावाचं नाव घेतलं. तिने चमचा खाली ठेवला. "नो व्हिलेज नाऊ," ती म्हणाली. "ओन्ली चर्च." जमीन खचत गेली, भिंती फाटल्या, सरकारने घरं पाडली, माणसांना शहरातल्या फ्लॅटमध्ये हलवलं. आता तिथे बर्चची झाडं आणि पाण्याची डबकी आहेत, आणि मध्ये ते चर्च, एका अंगाला कललेलं.

मला आनंद झाला, बाबा. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखा. बरं झालं, गेलं एकदाचं, असं मनात म्हणाले. आणि पुढच्याच मिनिटाला ती म्हणाली की चर्च नदीकाठी आहे, तेव्हा मी तिला तोडलं. नदीकाठी नाही, टेकडीवर. मग बोलतच सुटले, शाळा कुठे, बेकरी कुठे, ट्रामचा थांबा कुठे, पुरात कुठली रांग बुडायची. ती बघत राहिली. तिच्या आजीचं माहेर तिथलं, पण तिने स्वतः ते गाव कधी उभं बघितलं नव्हतं. "यू लिव्ह्ड देअर?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले, पण ते सांगताना मला चक्क वाईट वाटलं.

ती म्हणाली, जुनी माणसं दर उन्हाळ्यात त्या चर्चपाशी जमतात, तिची आजीही जाते. मग मी तुमच्याबद्दल सांगितलं, तेव्हा म्हणाली, तुमच्या घरमालकिणीच्या मुलीचा पत्ता आजी सहज काढेल. मी नको म्हणाले. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर ते लगेच लॅपटॉप उघडून बसले. "अगं, समरमध्ये जाऊन ये ना. फ्लाइट्स चीप आहेत, वीकेंडचं बुक करून टाकू?" मी म्हटलं, रजा नाही. लेक म्हणाली, "आई, तू नेहमी लीव्ह नाही म्हणतेस. आजोबाचा फ्रेंड भेटेल ना तिथे!" मी तिला अभ्यासाला बसवलं.

रजा आहे, बाबा. चांगली दोन आठवड्यांची शिल्लक आहे. ती बाई भेटेल आणि तुमच्या अशा गोष्टी सांगेल ज्या मला माहीत नाहीत, त्याची मला भीती वाटत नाही. तेवढं सोसायची सवय आहे मला. भीती वेगळीच आहे. ती मला बघून म्हणेल, "अच्छा, ती तू होय," आणि सांगेल की तिच्या घरात तुम्ही सकाळ-संध्याकाळ माझंच नाव घ्यायचात, इतकं की तिला माझा राग यायचा. मग इतकी वर्षं मी हा जो हेवा सांभाळला, तो टाकून द्यावा लागेल. तुम्ही गेल्यावर तुमचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलंय.