लाल नळी, निळी नळी

१० मार्च
नांदेडहून जळकोट, तिथून टमटमने या वाडीत. कंबरेचा पार भुगा झाला, पण मुक्काम झकास मिळाला. घर तारामतीकाकूंचं. त्यांची सून उज्वला, आठवा महिना लागलेला, तरी पळत चहा घेऊन आली. काकू मला म्हणाल्या, लई वाळली गं पोरी, काही खाती का न्हाई? घरच्यासारखंच वाटलं.

११ मार्च
गावात सहा हापसे. आमच्या कॉलेजात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा लालभडक द्राव तयार केलाय. पाण्यात फवारणीचं विषारी औषध उतरलं असेल, तर तो हळूहळू निळा होतो. प्रत्येक हापशाचं पाणी द्रावाच्या नळीत भरलं, नळी तिथेच बांधली. नळीला हात लावू नका, हेच दारोदारी सांगून जीव मेटाकुटीला आला. शेवटी सरपंच शेषेरावांना मी एवढंच म्हणाले, रंगावरून कळेल. बाकीचं उद्या सांगू.

१२ मार्च
ऊन बाधलं. तापाने पडून आहे. काकू मुद्दाम शाळेजवळच्या हापशाचं पाणी आणतात. ते चांगलं निघालं म्हणे. बाई फार मायाळू आहे.

१४ मार्च
ताप उतरला. पण तोंडाला सारखी लाळ सुटते, डोळ्यांपुढे धुकं. उज्वलालाही मळमळतंय. काकू तिला पाणी पाजत बसल्यात.

१५ मार्च
कशीबशी बाहेर गेले. पाच नळ्या लाल. शाळेजवळची निळी. आणि सगळं गाव तिथेच रांगेत! लाल नळ्यांचे पाचही हापसे शेषेरावांनी काट्या लावून बंद केलेत. हापशाला लाल रंग फासला की पाणी पिऊ नये, ही सरकारी खूण इथे सगळ्यांना पाठ. मला ठाऊक होतं. तरी आमच्या नळीची खूण उलटी आहे, हे मी सांगितलं नाही. कंटाळा केला.
ओरडून सांगितलं. शेषेराव म्हणाले, तापात बरळून राहिली.

१६ मार्च, सकाळ
जीभ जड. काकूंना माझे शब्द कळत नाहीत. रडतात, पाणी आणतात. फोनवरचे आकडे दिसत नाहीत — भीती वाटते — फार —

दुपार
काकूंना वाचता येत नाही. उज्वलाला येतं. वही तिच्या हातात दिली.
तिने वाचलं. मग पोटावर हात ठेवून विचारलं, कालपासून हे हललं न्हाई ताई, मी चार दिस तेच पाणी प्याले, आता?
वही परत दिली. ती उत्तराची वाट बघतेय. मला बोलता येत नाही, लिहायलाच हवं —
उज्वला, तुझं बाळ