झाकणातले निळे बटण

हे वाचायला घेणाऱ्याने आधी आपला चष्मा शोधावा. कपाळावर असेल. तो सापडला की आपण कशासाठी बसलो होतो ते आठवावे. आठवले नाही तर शेजारच्याला विचारू नये, तो तुमच्याहून विसराळू. तुम्हा सगळ्यांची आठवण आता खिशातल्या फोनमध्ये राहायला गेली आहे, आणि फोन कुठे ठेवला तेही आठवत नाही. म्हणून हा लेखी खटाटोप.

मी, कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको, गल्लीत टेलिफोनवाली म्हणून ओळखली जाणारी, वय ऐंशीच्या पुढेमागे, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, एक कान चांगला आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव आणायला माझ्यासमोर उभे राहावे लागते, आणि तेवढी छाती या घरात कोणाची नाही. लिहून ठेवते म्हणजे मी सांगते आणि नात लिहिते. मला अक्षरओळख नाही. माझे बोलणे सुधारू नकोस अशी तिला ताकीद आहे. दोन ठिकाणी तिने सुधारलेच. वाचून दाखवताना मला कळले.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, पुढचे दुकान आणि रस्त्याकडची खिडकी, हे माझ्या मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. मुलाला मी मोठा म्हणते, मुलीला धाकटी. दोघांचेही केस पिकले तरी तेच. घराच्या मधे भिंत घालायची नाही. आणि वाटणीला एक अट आहे, ती पाचव्या कलमात. उड्या मारून तिकडे जाऊ नये.

कलम दुसरे. शिलाई मशीन नातीला. पायडल कुरकुरते, कुरकुरू द्यावे. कुरकुर थांबली की दोरा तुटतो, असे ह्यांचे म्हणणे होते. ह्यांची पुष्कळ म्हणणी चुकीची निघाली, मशीनबद्दलची नाही.

कापडाची मोठी कात्री सुनेला. होय, तिलाच. सोळा वर्षांपूर्वी तिने त्या कात्रीने वर्तमानपत्र कापले. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही, फक्त तीन दिवस बोलले नाही. पण गेल्या वर्षी माझा पाय मोडला, तेव्हा तिने मला लेकरासारखे न्हाऊमाखू घातले, आणि एकदाही ऐकवले नाही. म्हणून कात्री तिची. सोबत कागद कापायची वेगळी कात्री घेऊन ठेवली आहे, तीही तिचीच. समजणारीला समजेल.

पोस्टात थोडेफार आहे. औषधातून उरले तर नातीच्या शिक्षणाला.

कलम तिसरे. काळा टेलिफोन माझ्या नातवाला, म्हणजे धाकटीच्या मुलाला. तो बंद आहे, हे मला माहीत आहे, कोणी मध्ये बोलू नये. आठ वर्षे वाट पाहिल्यावर तो दुकानात आला तेव्हा गल्लीत दुसरा नव्हता. ह्यांना वाटले गिऱ्हाइके फोन करतील. गिऱ्हाइकांनी नाही केला. गल्लीतल्या बाराही घरांनी आपापल्या नातेवाइकांना आमचा नंबर देऊन टाकला. कोणाचा भाऊ, कोणाची सासू, कोणाचे साहेब, सगळे आमच्याकडे वाजायचे. हे कापड कापत असायचे आणि ओरडायचे, "अगं, उचल! जगाचा निरोप आलाय!"

उचलायची मी, पण लिहून कसा ठेवणार? आकडेही येत नव्हते. तबकडीची भोके मोजून फिरवायची. त्यावर मी एक तोड काढली. डब्यातले एकेक बटण एकेका घराला दिले. मास्तरीणबाईंचे मोतिया. सायकलवाल्याचे काळे, कोटाचे. निरोप आला की ज्याचा त्याचे बटण एका पत्र्याच्या झाकणात ठेवायचे आणि झाकण खिडकीत. येणारा-जाणारा डोकवायचा. "काकू, आमचं आहे का हो?" "आहे. तुझा मेहुणा येतोय. चार दिवसांसाठी म्हणतोय, म्हणजे महिना धर." निरोप सांगितला की बटण परत डब्यात. घाईचे असेल तर बटण उलटे.

वाईट बातमीला बटण नव्हते. ती मी स्वतः जाऊन सांगायची, आधी बसवून. पुढे पुढे मी रिकाम्या हाताने निघाले की बायका दारे लोटून घ्यायच्या, म्हणून हातात पिशवी घेऊन जायला लागले. लोकांना वाटायचे भाजीला चालली आहे. निदान दारापर्यंत तरी त्यांना बरे वाटावे.

कलम चौथे. बटणे ज्याची त्याला परत द्यावीत. जी घरे गल्ली सोडून गेली त्यांची नातीने शोधून पोचवावीत. फोनला विचार म्हणावे, तो सगळे जाणतो ना.

सगळी म्हणायची, हिच्या लक्षात सगळे राहते. मी कधी नाही म्हटले नाही. खरे सांगायचे तर माझ्या नव्हे, झाकणाच्या लक्षात राहायचे. झाकण रिकामे, की मी मोकळी.

कलम पाचवे. हे नातीने हळू लिहावे.

आमच्या मोठ्याचे बटण निळे होते, चार भोकांचे. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. धाकटीने आपल्या मनाने लग्न केले होते. हे म्हणाले, या उंबऱ्यात पाय नको. मोठा बापाच्या बाजूने उभा राहिला. खरे तर मान खाली घालून बापाच्या मागे उभा राहिला. दोन वर्षे गेली. मग एका सकाळी तिचा फोन आला. हे दोरे आणायला गेले होते.

"आई, बाळ सहा महिन्यांचं झालंय. उद्या दुपारच्या गाडीनं येते. दादाला स्टँडवर पाठव. तो आला तर त्याच्याबरोबर घरी येईन, मग बाबा काही बोलणार नाहीत. नाही आला तर मी समजून जाईन. आणि त्याच्याबरोबर डब्यात मऊ भात दे गं, बाळाला चालतो."

मी निळे बटण झाकणात ठेवले. उलटे. तासाभराने दुसरा फोन: मास्तरीणबाईंची आई गेली. पिशवी घेतली, गेले, आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसले. अंधार पडताना घरी आले तर मोठा आधीच आला होता. दुकानात दिवा लावलेला नव्हता, खिडकीकडे तो गेलाच नव्हता. हातात शर्ट घेऊन उभा. "आई, बाहीचं बटण तुटलंय, उद्या मालक येणारेत." माझे डोळे मास्तरीणबाईंबरोबर रडून जड झालेले. खिडकीशी बसले, हाताला जे बटण लागले ते घेतले आणि शिवून टाकले.

मग झाकण पाहिले. रिकामे. मी मोकळी, आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा आपला निरोप बाहीवर घालून छापखान्यात गेला. संध्याकाळी जेवताना त्याने हात पुढे केला आणि मला ते निळे दिसले. ताट तसेच टाकून मी स्टँडवर धावले. फळवाला म्हणाला, "एक बाई होती बाळ घेऊन. तीन गाड्या जाऊ दिल्या तिनं. मग परतीच्या गाडीत बसली." तिने दुकानात फोन का केला नाही? केला असता तर ह्यांनी उचलला असता.

महिन्याने तिचा फोन आला. "दादा नाही आला, आई." मी म्हणाले, "त्याला काम होतं गं." मोठा अधूनमधून विचारायचा, "तिचा काही निरोप?" मी म्हणायची, "नाही." बारा घरांचे निरोप जिने चुकवले नाहीत, तिला स्वतःच्या लेकीचा चुकला हे म्हणवले नाही. हे गेले तेव्हा ती आली, भावापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि गेली. त्या स्टँडच्या दिवसाला बावीस वर्षे झाली. मी बाहीवरून ते बटण त्याच रात्री उसवले, ते माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.

तर अट ही: मी गेल्यावर मोठ्याने ते बटण घ्यावे, बहिणीला आणायला स्टँडवर जावे, आणि चूक आईची होती हे तिला सांगावे. दोघांनी एकत्र उंबरा ओलांडला तरच घर त्यांचे.

नातीने इथे पेन खाली ठेवले आहे. म्हणते, "आजी, हे तू गेल्यावर कशाला? आत्ता सांग की." मी म्हणाले, तू लिही. म्हणते, "घाबरतेस?" मृत्युपत्रात खोटे चालत नाही. घाबरते.

साक्षीदार: सायकलवाला (काळे बटण), सही केली, आणि मास्तरीणबाई (मोतिया), सही करून नातीची एक चूक दुरुस्त केली. करून देणारीचा डाव्या अंगठ्याचा ठसा.
ठिकाण: खिडकीजवळची खाट.
दिनांक: १९ नोव्हेंबर २०११, शनिवार.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर.

पाचव्या कलमातली अट मी रद्द करते. बाकी कलमे आहेत तशी, कात्र्यांसकट. कारण असे की आज सकाळी मोठा खिडकीतल्या आरशात दाढी करायला आला, तेव्हा झाकणात निळे बटण होते. उलटे.

"आई, माझं बटण?"

"निरोप आहे तुझा."

"कोणाचा?"

"धाकटीचा. जरा जुना आहे."

सगळे सांगितले. ऐकता ऐकता त्याच्या गालावरचा साबण वाळला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तिला दादा नकोच आहे." आणि नातीला म्हणाला, "फोन लाव."

आधी मी बोलले. चूक कोणाची ते तिला सांगितले. त्यावर ती काय म्हणाली ते मृत्युपत्रात येणार नाही. मग फोन त्याने घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "उद्या दुपारची गाडी? मी आहे स्टँडवर. आधीच येऊन थांबतो." मग बराच वेळ नुसता ऐकत होता. फोन ठेवून वळला तेव्हा दाढी एकाच गालाची झालेली. म्हणाला, "ती विचारतेय, डबा आणशील ना?"

तरी सुनेस सूचना. भात अगदी मऊ शिजवावा, वर लोणी घालावे, मीठ वेगळ्या पुडीत. बाळ बरोबर येते आहे. ते आता स्वतः दाढी करते, तरी मऊच. डबा मोठ्याने नेताना फडक्यात गुंडाळावा, कारण गाडीला उशीर होतो आणि भात गरम राहिला पाहिजे. चमचे तीन.