बसलेल्यांची वाट

२ डिसेंबर, मंगळवार
आज रुजू झाले. लातूरहून पहाटेची एसटी, नांदेडला बदलून भोकर, तिथून रिक्षानं टेकडीवर. जागा बघून जीव खूश झाला. अंतोबुवांच्या पंथाचं इतिहास केंद्र नवंकोरं आहे. चकचकीत फरशी, मागं मला राहायला खोली, नळाला पाणी. पहारेकरी शेषेरावांनी आल्या आल्या चहा दिला अन् म्हणाले, "दीपमाला मॅडम, हितं लई निवांत हाय बघा." मी शिकवत होते ती शाळा बंद पडल्यापासून हा शब्द कानावर आला नव्हता. पुनमला फोन केला. तिची लातूरला नीटची तयारी चालू आहे. आई, आता तरी झोप काढ, म्हणाली.

काम सोपं आहे. येणाऱ्या भाविकांना अंतोबुवा आणि त्यांच्या पहिल्या अनुयायांची गोष्ट सांगायची. जुन्या दुष्काळात देगलूरकडची अकरा घरं बुवांच्या शब्दावर गाव सोडून पायी निघाली आणि या टेकडीवर येऊन वसली. गोष्ट संपली की भाविकांना 'वाट' चालवायची. वाट म्हणजे इमारतीच्या कडेनं बांधलेला अंधुक उजेडाचा बोळ. एका दारानं अनवाणी आत शिरायचं, भिंतीवरची चित्रं बघत पलीकडच्या दारानं अंगणात यायचं. मिनिटभराचं काम.

५ डिसेंबर, शुक्रवार
दिवसातून आठ-नऊ वेळा वाट चालावी लागते. पाय भरून येतात. आज दुपारच्या जथ्यात एक म्हातारी बोळातच भिंतीला टेकून बसली होती. हिरवं लुगडं, तळपायांना चिंध्या बांधलेल्या. मला विचारलं, "किती राहिलं गं माय?" म्हटलं, हे काय, दार दिसतंय की. तिनं दाराकडं बघितलंसुद्धा नाही. बाहेर येऊन लोकांना म्हटलं, तुमची आजी मागं राहिली. ते म्हणाले, आमच्यात म्हातारी न्हाई कुणी. परत आत गेले. बोळ रिकामा.

८ डिसेंबर, सोमवार
शेषेरावांना विचारलं. त्यांनी तंबाखू मळत सांगितलं. बुवांचा हुकूम होता म्हणे, वाटेत जो बसेल त्याला तिथंच सोडायचं, मागं वळून बघायचं नाही. थांबले असते तर सगळेच मेले असते. बसणाऱ्यांत म्हाताऱ्या होत्या, ओल्या बाळंतिणी होत्या. केंद्राच्या भिंतीवर मात्र पोचलेल्यांचीच नावं आहेत. हे भाविकांना का सांगत नाही, विचारलं, तर म्हणाले, "पोचलेल्यांच्या लेकरांनी बांधलंय हे, मॅडम. बसलेल्यांचं कोण हाय?"

माझ्याआधी इथं समीक्षा नावाची मुलगी होती. ती का सोडून गेली, तेही विचारलं. "गेली न्हाई. लई थकली होती. बसली." एवढं बोलून ते फाटकाकडं निघून गेले.

१० डिसेंबर, बुधवार
बोळात दिवे बसवायला मुदखेडहून चांदपाशा मिस्त्री आले. बाहेरून भिंत मोजली, साठ फूट भरली. नव्वद मीटर वायरचं नवं भेंडोळं घेऊन आत गेले. परत आले ते घामानं निथळत. वायर संपली, दार आलं नाही. बाई, तिकडं जाऊ नका, म्हणाले, लई माणसं बसून राहिलीत. हत्यारांची पिशवी आतच राहिली होती. ती आणायलाही थांबले नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
वाट बंद ठेवा म्हणून विश्वस्तांना फोन केला. रविवारी उत्सव आहे, जमणार नाही म्हणाले.

आज भाविक नेहमीसारखे मिनिटात बाहेर आले. मला अर्धा तास लागला. शेषेराव म्हणतात, जो थकलाय त्यालाच वाट लांबते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा — दोन्ही बाजूंना बसलेले. ओळीनं. कुणी ओरडत नाही. नुसतं विचारतात, किती राहिलं. त्यांच्यात जीन्स घातलेली एक मुलगी. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र, त्यावर समीक्षा —

तिनं सरकून मला जागा केली.

१३ डिसेंबर
नोकरी नको. उद्या दुपारच्या गाडीनं लातूर. पुनमला निरोप टाकला, तिनं बघितलेला नाही. आज वाटेत गेलेच नाही, तरी तळपायांना फोड आलेत.

१४ डिसेंबर, रविवार
सामान बांधत होते. शेषेराव पळत आले. पुनम आली आहे. न सांगता, रात्रभर अभ्यास करून, सकाळच्या गाडीनं. गर्दीत आई कुठाय विचारत होती. कुणीतरी वाटेकडं बोट दाखवलं.

ती आत आहे. तासभर —

आत. उभ्यानंच लिहिते. चालणं थांबलं की डोळे मिटतात, लिहिलं की मिटत नाहीत. मोबाइलच्या उजेडात नुसते पाय दिसतात. चिंध्या बांधलेले पाय. पुनम, पुनम —

सापडली. त्याच म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. आई, राहू दे गं, म्हणाली, एवढी झोप कधीच लागली नाही. थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा मारली. पाठीवर घेतली.

म्हातारीनं पदर धरला. "आमालाबी ने की गं माय." मी पदर ओढून घेतला. मागं बघितलं नाही. बुवांनी केलं तेच मी —

उजेड. दार. पुनमला बाहेर ढकललं. शेषेराव ओरडले, "आली, आली, पोरगी आली!" ती रडतेय. चांगलं आहे, रडतेय म्हणजे —

मला दोनच पावलं. पाय उचलत नाही.

दार दूर चाललंय. हाका येतात, बारीक.

बसले.

कुणीतरी माझे पाय चेपतंय. हात खरबरीत आहेत, पण किती हळू — आजवर माझे पाय कुणी