दोन टायर पुढे, दोन मागे

३ मार्च, दुपार
आले : सेंटर डिफरन्शियल एक, भंगारबाजारातला, ४,२००. गिअरतेल तीन डबे, ९६०. हमालाने पाच मागितले, तीन दिले. नव्याचे चौदा हजार सांगत होते. देवाचीच कृपा.

लेकीची तारीख चोवीस. पहिलटकरणीला आईच लागते. अवकाळीने घाटात चिखल, म्हणून चारही चाकांना जोर असलेली ही आमची म्हातारी गाडीच हवी. वीसच्या आत उशाशी असेन म्हणजे असेन.

५ मार्च
गॅरेजच्या मिस्त्रींनी जुना डिफरन्शियल उघडून दाखवला. दात गुळगुळीत, तेल काळे. पुढच्या आणि मागच्या चाकांचे जमवून घेणे हे त्याचे काम. मला विचारले, काकू, टायर कसे घेता? म्हटले, वर्षाला एक, झिजेल तो. म्हणाले, मग चार चाके चार उंचीची, आणि हा बिचारा जन्मभर भांडणं सोडवतोय. म्हटले, मीही घरात तेच करते, मी झिजले का? ह्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

८ मार्च, सकाळी
गाडी अजून वर टांगलेली. दिवसातून दोनदा जाऊन येते. मिस्त्री म्हणाले, काकू, तुम्ही आलात की माझा पाना घसरतो. आजपासून एकदाच जायचे.

८ मार्च, सायंकाळी ५
जाऊन आले. भाजी आणायचीच होती. भाजीवाला उलट दिशेला आहे, पण चालणे प्रकृतीला बरे.

१३ मार्च
डिफरन्शियल बसला एकदाचा. मिस्त्रींनी बजावले, चारही टायर एकाच दिवशी, एकाच मापाचे, नाहीतर माझ्याकडे रडत येऊ नका. चार एकदम घेणे म्हणजे माज. मी मधला मार्ग काढला. नवे दोन पुढे, कारण आधी पुढचीच चाके पोचतात. जुनी नुसती मागोमाग यायची. टायरवाल्याकडे परस्पर बसवून घेतले. हे म्हणाले, अगं, तो माणूस त्यातला जाणकार आहे. मीही मॅट्रिक आहे.

१५ मार्च
वळताना गाडी अडखळते. नवा जोड, रुळेल. जपाच्या दोन माळा वाढवल्या. आवाज कमी वाटतो. हे म्हणाले, तू जप मोठ्याने करतेस, म्हणून ऐकू येत नाही.

१९ मार्च, सकाळी ६
निघालो. दुपटी सोळा, टोपडी चार. दुपारी लेकीजवळ.

१९ मार्च, ९.२०
घाटाच्या पायथ्याशी, दगडावर बसून. हे म्हणाले, काहीतरी जळतंय. म्हटले, शेतात असेल. शेत मागे राहिले, वास बरोबर आला.

१९ मार्च, दुपारी ३
ट्रकमागे ओढत पुन्हा मिस्त्रींच्या दारात. त्यांनी टायरांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चहा मागवला. बोलले असते तर बरे वाटले असते.

२० मार्च
घाटावर लेकीकडे जाणारी बस आठवड्यातून एकदाच, बुधवारी, म्हणजे आज. हे पिशवी घेऊन दारात उभे, म्हणाले, चल, बसने जाऊ. म्हटले, तिकिटे कशाला वाया घालवायची? मिस्त्री दोन दिवसांत करतील आणि तारखेला चार दिवस आहेत. पहिल्या बाळंतपणाला हटकून उशीर होतो. हे पिशवी तशीच घेऊन आत गेले.

२२ मार्च
शेजारच्या फोनवर जावयाचा निरोप, अर्धा मिनिट. काल पहाटे सुटली. मुलगी. दोघी सुखरूप. उशाशी तिच्या सासूबाई होत्या. लेक म्हणे सारखी दाराकडे बघत होती.

दुपटी पुन्हा घड्या घालून ठेवली. टपालाची गाडी रोज वर जाते, पण माणसे घेत नाही. पत्राचा मजकूर इथे उतरवून ठेवते :

लेकी, अनेक आशीर्वाद. गाडीचे विशेष काही नाही, किरकोळ दुरुस्ती निघाली. येत्या बुधवारी बसने येते, दोघांची तिकिटे काढली आहेत. पाठ शेकत जा. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. बाळीचे नाक कुणावर गेले, आणि तू दाराकडे बघत होतीस ते खरे का, एवढे उलट टपाली कळव.