मनगटाच्या आतली जागा

१२ फेब्रुवारी

चि. भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या पत्राची वाट पाहून डोळे शिणले, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. एवढे पेशंट असतील तर त्यातल्याच एखाद्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

कारण तसं आहे. तुमच्या दादांचा उजवा खांदा फार दुखतो. सुरुवातीला मीही मनावर घेतलं नाही. जन्मभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, हात सदा डोक्याच्या वर, खांदा कुरकुरणारच. पण आता ब्रश हातातून सुटतो. परवा औषधांच्या दुकानाची पाटी अर्धी रंगवून खाली उतरले आणि शिडीला टेकून बसून राहिले. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक सांगितला. शेकाच्या पिशवीशी मैत्री झाली, पण खांदा काही ऐकत नाही.

तुम्हाला कळवू का म्हटलं, तर म्हणाले, त्या टाचणीवाल्याला सांगू नकोस, तो मला साळिंदर करून घरी पाठवेल. तेव्हा हे पत्र मी लिहिलंय हे तुम्हाला माहीत नाही, असं समजा आणि आपणहून बोलवा. तुमच्या शब्दाला ते नाही म्हणतात, पण मग येतात.

तब्येतीला जपा. चहावर दिवस काढू नका. लोभ आहेच, त्यात कसूर नको.

वहिनी


२ मार्च

ती. वहिनींना धाकट्या दिराचा सा. न. वि. वि.

दादा काल इथून निघाला, म्हणजे हे पत्र मिळेपर्यंत घरी पोचून तुमच्याकडे माझ्या तक्रारी करून झाल्या असतील. पडद्यामागच्या अरुंद खाटेवर झोपवलं, म्हणून पहिली तक्रार. वाळक्या पाल्याची वात पेटवून खांद्याजवळ धरली, त्या धुराचा वास टर्पेंटाइनपेक्षा वाईट, ही दुसरी. सुया टोचल्यावर मात्र डोळे मिटून म्हणाला, एवढंच होय, मी उगाच घाबरत होतो. आणि घोरायला लागला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, वहिनी. लहानपणापासून त्याने माझ्या कुठल्या गोष्टीला बरं म्हटल्याचं आठवत नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुखणं होतं तिथेच होतं. करंगळीला मुंग्या येतात म्हणाला. उजेडात बसवून नीट पाहिलं, तर उजव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आलेली आणि त्या डोळ्याची बाहुलीही लहान. कपाळाच्या डाव्या बाजूला घाम, उजवी बाजू कोरडी. आमच्या गुरुजींनी शिकायला लागलो तेव्हाच बजावलं होतं, की नाडी वाचा, जीभ पाहा, पण जे दुखणं सुईला दाद देत नाही त्याला आधी दवाखान्यात न्या. म्हणून मी पुढे सुई लावली नाही. दादा चिडला. खांदा दाखवायला आलो तर हा डोळ्यांत काय पाहतोय, असं म्हणाला.

चिडला तरी चालेल. त्याच्या छातीचा एक्स-रे काढून घ्या, याच आठवड्यात. खांद्याचा नको, छातीचा. माझं चुकलं तर तुम्ही दोघं मिळून मला हसा, मी खाली मान घालून ऐकून घेईन.

तुमचा,
धाकटा


२१ मार्च

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

तुमचं चुकलं नाही. फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला गाठ आहे. तिथून ती खांद्याकडे जाणाऱ्या नसा दाबते, म्हणून खांदा दुखत होता. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यांनी तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, डॉक्टर, रेघ चांगली आहे तुमची. मी तोंडाला पदर लावून बाहेर आले.

हाडात उतरलीय म्हणतात. ऑपरेशन होणार नाही. किरण देतील, केमो देतील. त्याने किती काळ निघेल ते सांगत नाहीत.

भाऊजी, आता तुम्हीच. इतक्या लोकांना तुमच्याकडे गुण येतो. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली बाई तुमच्या सुयांनी चालायला लागली, हे तुम्हीच सांगितलं होतं. चिनी लोकांची विद्या हजारो वर्षांची, त्यात यावर काहीतरी असणारच. पुस्तकं काढा, गुरुजींना विचारा. तुम्ही म्हणाल ते मी करीन. दवाखाना सोडून तुमच्याकडे येऊन राहा म्हणालात तर तसं. उत्तर लगेच पाठवा.

वहिनी


२८ मार्च

ती. वहिनींना सा. न.

हे पत्र कितीदा लिहायला घेतलं आणि टाकून दिलं.

सुईने गाठ विरघळत नाही, वहिनी. काढ्याने नाही, धुराने नाही, नाडी कितीही नीट वाचली तरी नाही. कोणी विरघळते म्हणालं तर त्याच्या दारात उभ्या राहू नका, मग तो माझ्यासारखाच पडदा लावून बसलेला असो. ती बाई चालायला लागली, पण तिची कंबर आखडलेली होती. तिला हा रोग नव्हता.

माझ्याकडे आहे ते एवढंच: औषधानंतरची मळमळ कमी करता येईल, झोप थोडी बरी लागेल, दुखण्याची धार जरा बोथट होईल. तेही दवाखान्याच्या गोळ्यांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नाही. गुरुजींनाही विचारलं. तेही हेच म्हणाले.

दवाखाना सोडू नका. मी येतोय, इथलं आवरून.

धाकटा


६ एप्रिल

चि. भाऊजींना,

पत्र पोचलं. परक्यांच्या कंबरा मोकळ्या करता आणि सख्ख्या भावाच्या वेळी हात वर करता. एवढीच विद्या होती तर इतकी वर्षं घराबाहेर राहून काय मिळवलंत, असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

यायचं तर या. तुमच्या दादांना बरं वाटेल. आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून देते.

वहिनी


१८ मे

चि. टाचणीवाल्यास अनेक आशीर्वाद.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. उजव्याने आता संप पुकारलाय. जन्मभर दुसऱ्यांची नावं फूटभर उंच काढली, स्वतःचं इंचभर काढताना घाम फुटतो.

तू गेल्यापासून तुझ्या वहिनीने डॉक्टरकीचा ताबा घेतलाय. तू दाखवलीस ती मनगटाच्या आतली जागा, घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांच्या मध्ये, ती रोज मोजून काढते आणि अंगठा रोवून बसते. चेहरा असा, की जणू मशीन चालवतेय. केमोच्या दिवशी खरंच उलटी कमी झाली. नर्सने विचारलं, हे काय चाललंय, तर हिने तिला धडा दिला. आता नर्सही शिकलीय.

खिडकीतून समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटी दिसते. मी रंगवलेलीच आहे. 'गिरणी'तली वेलांटी जरा आखूड पडलीय. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. आता पडल्या पडल्या सारखं तिकडेच लक्ष जातं.

दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर आपण बोललो, ते तू केलंस. तुला कधी म्हटलं नाही, म्हणून लिहितो: तुझा हात चांगला आहे.

दादा


३० जून

चि. भाऊजींना वहिनीचे मनापासून आशीर्वाद.

एप्रिलमध्ये मी जे लिहिलं ते फाडून टाका. तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्याशी धड बोलले नाही, तरी तुम्ही माझा हात धरून मला जागा शिकवलीत. तो राग तुमच्यावर नव्हता. ज्याच्यावर होता तो काही पत्र वाचत नाही.

केमो बंद केलंय. अंगाला झेपत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुखण्याचं मोठं औषध सुरू झालं, त्याने झोपून असतात. जेवण नावाला. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसतात. कूस बदलताना मला आता कोणाची मदत लागत नाही, यावरून समजा.

दुपारी मात्र जरा हुशारी येते. मी खुर्ची ओढून बसते, मनगट हातात घेते आणि दाबत राहते. आधी एक हात, मग दुसरा. मग ते बोलतात. त्यांच्या आईबद्दल बोलतात, तुम्हाला खांद्यावर घेऊन शाळेत नेत आणि तुम्ही मानेवर शाई सांडत त्याबद्दल बोलतात. लाल रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतो, म्हणून नाव कधी लाल रंगात काढू नये, हेही मला याच वयात कळायचं होतं. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून जेवढं बोलले नसतील तेवढं बोलतात. दाबून दाबून माझा अंगठा भरून येतो, पण मी थांबत नाही. थांबले की ते गप्प होतील, असं वाटतं.

लवकर या. मी घाबरवत नाही, पण लवकर या.

वहिनी


३ सप्टेंबर

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

तुम्ही नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही होतात तोवर दारात चपला दिसायच्या, कोणी ना कोणी चहा मागायचं. आता घरात नळ टपकला तरी दचकायला होतं.

रंगाचे डबे शेजारच्या सुतारांना दिले. शिडी त्यांनाच नेऊ दिली, दोन माणसं लागली उचलायला. हे ती एकटे खांद्यावर टाकून न्यायचे. ब्रश ठेवलेत. उशीचा अभ्रा धुतला नाही, तेवढं कोणाला सांगू नका.

एक विचारायचं होतं. तुम्ही समोर होतात तेव्हा धीर झाला नाही. शेवटच्या महिन्यात मी रोज त्यांचं मनगट दाबत होते. त्या सकाळी तुम्ही पाणी आणायला गेलात, तेव्हाही माझा अंगठा तिथेच होता. त्यांचा श्वास थांबला तरी मी दाबतच होते, तुम्ही येऊन माझा हात सोडवलात. त्याने त्यांना खरंच काही आराम पडत होता, की मी वेड्यासारखी उगाच दाबत बसले होते? माझी समजूत घालू नका. मार्चमध्ये जसं खरं लिहिलंत तसं लिहा.

वहिनी


१२ सप्टेंबर

ती. वहिनींना सा. न.

खरं विचारलंत, म्हणून खरं लिहितो.

मळमळीवर त्या जागेचा उपयोग होतो. केमोच्या दिवसांत तुम्ही जे केलंत त्याने दादाचा त्रास नक्की कमी झाला, त्याने मला तसं कळवलं होतं. शेवटी मात्र जे दुखणं होतं, ज्याला दवाखान्यातलं सगळ्यात जोराचं औषध पुरत नव्हतं, त्याला अंगठ्याने फारसं काही झालं नसणार. माझ्या सुईनेही होत नव्हतं.

आणि आता दुसरं सांगतो, जे त्याने तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. एप्रिलमध्ये दवाखान्याच्या अंगणात बाकावर बसलो असताना मी त्याला विचारलं, की कुठे लावू सुई, जास्त कुठे दुखतं. तर तो म्हणाला, "माझं राहू दे. तिच्या हातांना काहीतरी काम दे. ती नुसती समोर बसून माझ्याकडे बघते, ते मला सोसवत नाही."

म्हणून मी तुम्हाला ती जागा शिकवली. माझ्या विद्येत आणखीही जागा आहेत, पण ही अशी आहे की माणसाला समोर बसून, हात हातात घेऊनच दाबावी लागते.

तुम्हाला राग आला असेल तर कळवा. आणि तुमचं काय दुखतं तेही कळवा. तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

धाकटा


२५ सप्टेंबर

चि. भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

राग आला नाही. मला माहीत होतं, तरी एकदा तुमच्या हातचं खरं वाचायचं होतं.

बाकावरचं बोलणं माहीत नव्हतं, पण बाकीचं कळलं होतं. जुलैमध्ये एका दुपारी ते काहीतरी सांगत होते आणि ऐकता ऐकता माझा अंगठा भलतीकडेच सरकला, पार तळहातावर गेला. मला भान आलं तेवढ्यात ते म्हणाले, "आता बरं वाटतंय." तेव्हा समजले. अंगठा जागेवर न्यायचं मनात आलं होतं, पण नेला नाही. तिथेच राहू दिला. त्यानंतर मी तीन बोटं मोजणंही सोडून दिलं.

भाऊजी, तुमच्या दादांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा दोन पावलं पुढे असायचे. घरातही तशी पद्धत नव्हती आमच्याकडे. औषध म्हटल्यावर मात्र नर्स आली, डॉक्टर आले, शेजारी भेटायला आले, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. सगळ्यांसमोर दुपारभर माझ्या हातात दिला. त्यांना वाटायचं, ते माझ्यासाठी करतायत. मला वाटायचं, वाटू दे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खांदा, कंबर ठीक आहे. दुपारची झोप गेलीय, जेवणं आटपली की कुठे बसावं ते कळत नाही. परवा माझंच मनगट दाबून पाहिलं. काही होत नाही.

सवड मिळाली की या. सुया आणल्या नाहीत तरी चालेल. येताना माझ्यावर जीव आहे तसाच घेऊन या.

वहिनी