आईच्या चेहऱ्याचा साचा

मी, मूर्तिकाराचा मधला मुलगा, वय चोवीस, शिक्षण सातवी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. भीती आहे, पण ती माझी स्वतःची आहे. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार. डॉक्टर "होईल सगळं नीट" म्हणाले आणि लगेच कागदावर सही घेतली. म्हणून मीही कागद करतो.

१. माझ्या कानशी आणि ब्रश रंगारीकाकांना. मोडक्या दांड्याची कानस टाकू नये, ती हातात नीट बसते.

२. सायकल आणि कारखान्यातला माझा हिस्सा दादाला. "दुखण्याचं नाटक करतो" असे तो गिऱ्हाइकांसमोर बोलला. विसरलेलो नाही. तरीही हिस्सा त्याचाच.

३. देवीच्या चेहऱ्याचा साचा धाकट्या बहिणीला. अप्पांनी, आमच्या वडिलांनी, तो आईच्या चेहऱ्यावरून, श्वासासाठी तिच्या नाकात नळ्या घालून काढला. तिला हसू आवरेना, म्हणून ओठाची एक कड वर आहे. वीणा दिली की सरस्वती, डोक्यावर पदर घेतला की मेरी, शिरस्त्राण घातले की ग्रीकांची अथेना, शिंगांमध्ये सूर्य बसवला की इजिप्तची इसिस. चेहरा तोच. धाकटीच्या जन्मावेळीच आई गेली. फोटो एकही नाही.

साचा झिजला आहे. आता एकच चेहरा स्वच्छ निघेल, आणि दादाने नाटकवाल्यांच्या अथेनाची ऑर्डर घेऊन ठेवली आहे.

मी म्हणालो, "दादा, हा साचा राहू दे."

"साचा फुटेपर्यंत वापरायचा असतो, शहाण्या!"

"मग धाकटीला काय दाखवू?"

"दाखव की कुठलीही देवी!"

दादा, तुझ्या पाया पडतो. ती अथेना दुसऱ्या साच्यातून काढ.

रंगारीकाका म्हणाले, "बाळा, एवढे देव उभे आहेत, एखादा तरी ऐकेल." काका, मी सगळ्यांना आतून पाहिलंय, पोकळ आहेत. तरी काल एकेकापुढे उभा राहिलो. मला मरायचे नाही, हेही इथे नोंदवतो.

४. मी परतलो नाही तर शेवटचा चेहरा काकांनी काढावा. साच्याला साबण पातळ लावावा. मुकुट नको, रंग नको. हनुवटीवर बारीक उंचवटा येईल. गिऱ्हाईक डाग म्हणते म्हणून आजवर प्रत्येक देवीचा तो आम्ही घासून काढला. या वेळी कानस लावू नये. तो तीळ आहे. धाकटीला त्यावर बोट ठेवू द्यावे, आणि मग तिच्या स्वतःच्या हनुवटीवर.

सही: मधला
साक्षीदार: रंगारीकाका, शेजारचा कुलूपवाला
ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सोमवार